गेटबाहेरचं कॉलेज

आमच्या तालुक्याच्या गावात कॉलेज एक आणि त्याच्या गेटसमोर झेरॉक्सची दुकानं सात. कॉलेजचं ग्रंथालय पाचला बंद होतं, दुकानं परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत चालतात. इथल्या २७ वर्षांच्या प्राध्यापकीत ग्रंथालयाच्या खिडकीपुढे रांग लागलेली मला आठवत नाही. दुकानांपुढे ती रोज असते. तिथे तयार जर्नल मिळतं, तयार प्रोजेक्ट मिळतो, फक्त पहिल्या पानावर नाव घालायचं बाकी. परीक्षा जवळ आली की पुस्तकाची पानं आगपेटीएवढी करून मिळतात. त्याला ‘मायक्रो’ म्हणतात, आणि ‘मायक्रो’ मागताना मुलाला आवाज खाली करावासाही वाटत नाही. प्रोजेक्टच्या शेवटी आभाराचं पान आधीच छापलेलं असतं. ज्या कामात मी काडीचं मार्गदर्शन केलं नाही, त्याबद्दल माझे मनःपूर्वक आभार मानलेले मी कितीतरी वेळा वाचले आहेत आणि त्याखाली सही केली आहे.

दुकानदाराला दोष देणं सोपं आहे. त्याने गिऱ्हाईक ओळखलं, एवढंच. पण हे गिऱ्हाईक तयार कुणी केलं? पोरांनी आपली आपण एवढी प्रगती केली, असं मानायला मी तयार नाही. रांगेत पोरगं उभं असतं, पण त्याला रांगेत उभं करणारे घरी, स्टाफरूममध्ये आणि संस्थेच्या कार्यालयात बसलेले असतात.

जून आला की ओळखीचे लोक नव्याने कॉलेजात निघालेल्या पोराला घेऊन घरी येतात. पोरगं पाया पडतं. बाप म्हणतो, “सर, चार शब्द सांगा याला.” मग मीही सांगतो: मन लावून अभ्यास कर, संगत चांगली ठेव, मोबाईल कमी बघ. पोरगं मान हलवतं आणि कोपऱ्यावरचं वळण येईपर्यंत सगळं विसरतं. त्यात त्याची काही चूक नाही. अभ्यास म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे त्याने आजवर कुणाला करताना पाहिलेलंच नसतं. घरात पुस्तक नाही, असलं तर शोकेसच्या काचेआड. बापाने शेवटचं वाचलेलं पुस्तक कोणतं, हे त्याला माहीत नाही. बहुधा बापालाही नाही.

आणि कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच आपण त्याला एक धडा पक्का शिकवून ठेवलेला असतो. दहावीनंतर पोराचं नाव एखाद्या आडगावच्या ज्युनिअर कॉलेजात घालायचं आणि पोराला मात्र लातूर, नांदेड, पुणे, नाहीतर थेट कोटा इथल्या क्लासला पाठवायचं, ही सोय आता इतकी रुळली आहे की ती सांगताना कुणी घुटमळत नाही. आडगावच्या हजेरीपटावर पोरगं दोन वर्षं रोज हजर असतं. ही खोटी हजेरी विकत घेणारा बाप, विकणारी संस्था आणि तिकडे काणाडोळा करणारे आपण. सोळाव्या वर्षी ज्याने हे पाहिलं, त्याच्याकडून विसाव्या वर्षी स्वतःचं जर्नल स्वतः लिहिण्याची अपेक्षा करायला तोंड कुठलं आणायचं?

वर्गात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: “सर, हे परीक्षेला आहे का?” मी ‘नाही’ म्हटलं की साठ पेनांना टोपणं लागल्याचा आवाज येई. मला राग येत असे. वाटे, ही पिढीच वाया गेली. पण या पोरांना दुसरा कोणता प्रश्न विचारू दिला होता आपण? घरी ‘का’ म्हणून विचारलं तर ‘उलट बोलतो का?’. शाळेत विचारलं तर ‘फार शहाणा झालास’. मंदिरात, लग्नात, भाऊबंदकीच्या वाटणीत, कुठेच प्रश्नाला जागा नाही. अठरा वर्षं तोंड दाबून धरायचं आणि मग कॉलेजात पाठवून म्हणायचं, आमच्या पोराची पर्सनॅलिटी डेव्हलप करा! त्यासाठी पुन्हा वेगळा क्लास निघतो, वेगळी फी.

आता माझ्याबद्दल सांगतो. ते न सांगता इतरांवर बोट रोखायचा मला हक्क नाही. मी इतिहास शिकवत असे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक लांब वही तयार केली आणि पुढे कित्येक वर्षं त्या वहीतूनच टिपणं दिली. मी वाचायचं, मुलांनी उतरून घ्यायचं, तास संपला. त्या वहीत एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारणेचं एक प्रकरण होतं आणि त्यात सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचं साल १८७५ असं लिहिलं होतं. एके दिवशी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रोज एस.टी.ने बावीस किलोमीटरवरून येणारी, कधी न बोलणारी. म्हणाली, “सर, पुस्तकात १८७३ आहे.” मी विचारलं, कुठल्या पुस्तकात? ती म्हणाली, “लायब्ररीतल्या. कीरांच्या.” वर्ग हसला. मी म्हणालो, “सांगितलंय ते लिही.” ती बसली.

संध्याकाळी घरी जाऊन पाहिलं. बरोबर तीच होती. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ चा. १८७५ हे आर्य समाजाचं साल. वही भरताना मीच कधीतरी एकाचं दुसऱ्याला लावलं होतं आणि माझ्याकडून शिकलेल्या कितीतरी मुलांनी ते उत्तरपत्रिकेत लिहून पूर्ण गुण घेतले होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात काहीही बोललो नाही. वहीत मात्र गुपचूप दुरुस्ती केली. पुढच्या वर्षीच्या मुलांना बरोबर साल मिळालं. तिला तिचं श्रेय मिळालं नाही. आणि प्रकरण कोणाचं, तर सत्यशोधकांचं! ती मुलगी त्यानंतर तीन वर्षांत वर्गात एकदाही उभी राहिली नाही. तिचं तोंड बंद करायला कुणी संस्थाचालक आला नव्हता, कुणी पुढारी आला नव्हता. ते काम मी केलं.

तेव्हा कॉलेजात निघालेल्या मुलांनो, ते जुने चार शब्द मी परत घेतो. आता जे सांगतो ते त्या मुलीकडून शिकलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. फुकट असतो. बहुतेक मुलं तीन वर्षं एखादा विषय शिकतात आणि त्याचा अभ्यासक्रम त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो; सरांनी सांगितलं तेवढा विषय, गाईडमध्ये आहे तेवढा विषय. त्या कागदाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. त्यातली सगळी पुस्तकं कुणी वाचत नाही, तुम्हीही वाचणार नाही. एका विषयाचं एक पुस्तक निवडा आणि ते पहिल्या पानापासून वाचा. गाईड उत्तर देतं, पण ते उत्तर कोणत्या प्रश्नातून जन्मलं हे सांगत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी पुस्तकाला भिऊ नये. एक कोरी वही घ्या, अडलेला शब्द आणि त्याचा अर्थ लिहीत जा. दिवाळीपर्यंत तेच ते शब्द पुन्हा येऊ लागतात आणि पुस्तक ओळखीचं वाटू लागतं. एखादी कल्पना मुळातच कळली नसेल तर मराठी विश्वकोश उघडा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून ज्या कामाचा पाया घातला, त्याचे सगळे खंड आज मोबाईलवर फुकट वाचता येतात. ज्या मोबाईलच्या नावाने आपण रोज खडे फोडतो, त्याच्यात हे आहे, हे किती पालकांना ठाऊक आहे?

तासाला बसा. मास्तर कंटाळवाणा असला तरी बसा आणि पुढे बसा. त्याच दिवशी रात्री पुस्तक, वही सगळं मिटून, ऐकलेल्यातलं काय आठवतं ते आपल्या शब्दांत अर्धं पान लिहा. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून करून, आपण किती वेगाने विसरतो याची मोजदाद केली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. विसरण्याची सर्वांत मोठी गळती पहिल्या काही तासांतच होते, असं त्याला आढळलं. म्हणजे परीक्षेच्या आधी आठ रात्री जागून जे भरायचं म्हणता, ते भांडं तळाशी फुटकं आहे. जागरणाचं आपल्याकडे भलतं कौतुक. ‘पोरगं रात्र-रात्र वाचतंय’ म्हणून आई शेजारणीला अभिमानाने सांगते. वर्षभर रोज तासभर बसणाऱ्या पोराचं कौतुक कुणी करत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

जर्नल स्वतः लिहा. चुकलं तरी चालेल, प्रयोगात आलेला आकडा आला तसा लिहा. गेल्या वर्षीच्या मुलाचा आकडा उतरवताना तुम्ही फक्त आळस करत नाही. जे दिसलं नाही ते दिसलं असं लिहायला हात शिकतो. हेच हात उद्या पुलाच्या सिमेंटचा अहवाल लिहिणार आहेत, रक्ताचा रिपोर्ट लिहिणार आहेत. तेव्हा मात्र आपण टीव्हीसमोर बसून विचारू, देशात एवढा भ्रष्टाचार आला कुठून?

मुलींना वेगळं सांगायला हवं. खरं तर त्यांच्या घरच्यांना. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. ती चालवणाऱ्या सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं, हे आपण दरवर्षी ३ जानेवारीला भाषणात सांगतो. भाषण संपल्यावर घरी येऊन पोरीला म्हणतो, “भाकरी टाक आणि मग बस अभ्यासाला.” मुलाची परीक्षा असली की घरातला टीव्ही बंद; मुलीची असली की पाहुण्यांचा चहा तिच्याचकडे. कॉलेज निवडताना मुलाला विषय विचारतात, मुलीला अंतर. राज्य सरकारने २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. फी माफ झाली, पण ‘स्थळ येईपर्यंत शिकू दे’ ही अट आपल्या मनातून अजून उठलेली नाही. मुलींनो, घरी भांडायचं असेल तर इतर कशासाठी भांडू नका, रोजचे दोन तास आणि एक दार लागणारी खोली यांसाठी भांडा. खोली नसेल तर ग्रंथालयातली खुर्ची. शेवटची एस.टी. साडेपाचला असेल तर त्याआधीच्या रिकाम्या तासांना तुम्ही कुठे असता, यावर पुष्कळ ठरतं.

पैशाचं बोलायला आपण लाजतो, म्हणून गरिबाचं पोरगं अडकतं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात पडताळणी, आधारला जोडलेलं बँक खातं, यांतलं एक चुकलं की अर्ज परत. हे कागद जूनमध्ये तयार ठेवा. शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. आणि अर्ज परत आला तर कॉलेजच्या खिडकीवरचा बाबू ‘उद्या ये’ म्हणेल; उद्या जा, परवाही जा, नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. शिष्यवृत्ती ही भीक नाही.

बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठवला, उसनवार केली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पैशाअभावी पुस्तक मिटावं लागणं म्हणजे काय, हे या माणसाने भोगलं होतं. आज जयंत्या सगळ्यांच्याच होतात, चौकाचौकांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यासाठी वर्गणी घरोघर फिरून गोळा होते. आणि त्याच गल्लीतलं पोरगं शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून खानावळीचे पैसे थकवून एक वेळ जेवतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. त्याच महाराष्ट्रात आज शहरात खोली बघायला गेलेल्या मुलाला घरमालक आधी भाडं सांगत नाही, आधी आडनाव विचारतो. विचारणारे शिकलेले असतात. कित्येक जण तर माझ्यासारखेच निवृत्त प्राध्यापक असतात.

आता नापासांचं. कॉलेजात एखादा विषय राहिला तर त्याला पोरं ‘केटी लागली’ म्हणतात. तो विषय ठेवून पुढच्या वर्गात बसायची परवानगी, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. पण आपण त्याचा कलंक करून ठेवला आहे. पोरगं निकाल लपवतं, मग फी लपवतं, मग खोलीचं दार लावून बसतं. निकालाच्या दिवशी ‘किती पडले?’ म्हणून फोन करणारे मामा, काका, शेजारी यांना मी हात जोडून सांगतो, तुम्ही तो फोन करू नका. आणि मुलांनो, विषय राहिला तर त्या आठवड्यातच उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. ती घेऊन विषयाच्या शिक्षकाकडे जा आणि विचारा, माझं कुठे चुकलं? शिक्षक चिडला तर दुसऱ्याकडे जा. एकटं दार लावून बसू नका. कुणी रॅगिंग करत असेल, जातीवरून टोमणे मारत असेल, तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे.

एक आणखी वेड आहे. बी.ए.च्या पहिल्याच वर्षापासून पोरगं कॉलेज सोडून अभ्यासिकेत बसतं, कारण त्याला ‘साहेब’ व्हायचंय. पदवी फक्त अर्जात लिहायला हवी. गावातलं एखादं पोरगं अधिकारी झालं की जेसीबीवरून गुलाल उधळायचा, कमानी उभारायच्या. आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉटवर राहून सात-सात वर्षं घालवलेली, वय उलटून गेलेली बाकीची पोरं गावात येताना संध्याकाळची शेवटची गाडी का धरतात, हे कुणी विचारायचं नाही. लाल दिवा २०१७ साली गाड्यांवरून उतरला. आपल्या डोक्यावरून उतरलेला नाही. द्या परीक्षा, जरूर द्या. पण किती वेळा देणार, तो आकडा आजच कागदावर लिहा आणि पदवीचा विषय असा शिका की त्यावरही पोट भरता येईल.

संस्थाचालकांवर जास्त शाई घालवत नाही. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना राज्यात दार उघडलं आणि त्या दारातून कोण कोण शिक्षणमहर्षी होऊन बाहेर पडले, हे फ्लेक्सवर वाचायला मिळतं. त्या फ्लेक्सच्या खालून तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक मोटारसायकलवरून एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावत असतो. नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला, मानधन मिळेल तेव्हा. तो वर्गात प्रश्न विचारा म्हणेल कसा? त्याला स्वतःला प्रश्न विचारायची चोरी आहे.

पालकांनो, या जूनमध्ये फी भरायला पोराबरोबर जाल तेव्हा खिडकीवरूनच परत फिरू नका. कॉलेजच्या ग्रंथालयापर्यंत चालत जा. कार्ड काढायला ओळखपत्र आणि एक फोटो लागतो. पहिलं पुस्तक तुमच्यासमोर घेऊ द्या, आणि ते घरी आलं की तुम्हीही थोडं वाचा. रात्री जेवताना पोराला एक प्रश्न विचारा आणि त्याने उलट दोन विचारले तर गप्प बसवू नका.

निवृत्त होण्याच्या आदल्या आठवड्यात मी आमच्या ग्रंथालयातून धनंजय कीरांनी लिहिलेलं महात्मा फुल्यांचं ते चरित्र घरी आणलं. मागच्या पुठ्ठ्याला तारखांचा कागद चिकटवलेला असतो. त्या मुलीच्या वर्षाच्या शिक्क्याखाली एकच शिक्का आहे. तो माझा.